बस्त्यांवचं ढोपर

पडून असलेल्या माणसाची कूस बदलायची तर आधी त्याला तसं सांगायचं. "आजोबा, आता तुम्हाला माझ्याकडे वळवते हां." मग एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, पलीकडचं ढोपर थोडं मोडून घ्यायचं आणि आपल्याकडे ओढायचं. ढकलायचं नाही. ढकललं की म्हातारं माणूस घाबरतं, त्याला वाटतं आपण खाटेवरून चाललो. आपल्याकडे ओढलं की त्याला आपलं अंग लागतं, आधार वाटतो, आणि ते निवांत वळतं. मग पाठ पुसायची, स्पिरिट चोळायचं, पावडर लावायची आणि चादरीची एकही चुणी खाली राहू द्यायची नाही. एक चुणी राहिली तरी चार दिवसांत तिथे लाल डाग, आणि आठ दिवसांत जखम. अशी जखम भरून काढणं म्हणजे फुटलेल्या होडीतलं पाणी उपसण्यासारखं, संपतच नाही.

हे सगळं मला मादर बेर्तांनी, म्हणजे एका ख्रिस्ती जोगिणीनं, शिकवलं. दिवाळीच्या अंकासाठी लिहा, लिहा म्हणून आमच्या गावातल्या शाळेच्या बाई माझ्या मागे लागल्या तेव्हा मी त्यांना म्हटलं, माझी शाळा दुसरीत सुटली. पुढचं वाचन मी केलं ते सुकी मासळी बांधून येणाऱ्या वर्तमानपत्रांच्या तुकड्यांवर. तर त्या म्हणाल्या, जसं बोलता तसंच लिहा. म्हणून लिहिते. तुम्हीही जरा ऐकल्यासारखंच वाचा.

माझं माहेर देवबागचं, सासर मालवणात, मासळीबाजाराच्या मागे. यजमान मचव्यावर, पाऊसकाळ सोडला तर घरात दिसायचे नाहीत. मालवणच्या वरच्या अंगाला माडांच्या बागेत एक लांबट कौलारू घर होतं. मुंबईला जाऊन राहिलेल्या एका किरिस्तांव कुटुंबानं ते मादरांना देऊन टाकलेलं. गावात त्याला 'म्हाताऱ्यांचा घर' म्हणत. आयुष्यभर देवळांमागून देवळं, म्हणजे चर्चं, सांभाळून थकलेले पाद्री तिथे येत. पाद्र्याला बायको नाही, मुलं नाहीत, म्हातारपणी त्यानं जायचं कुठे? आणि त्यांच्या जोडीनं साधी माणसंही असत, मुलगे आफ्रिकेत नाहीतर बोटीवर, घरात दिवा लावायला कुणी नाही अशी. उजवी पडवी पाद्र्यांची, डावी इतर पुरुषांची, मागची मोठी खोली बायकांची. मादर चार, आणि मदतीला मी. सन साठच्या आगेमागेची ती वर्षं.

मी कामाला जाते म्हटल्यावर सासू दारातच उभी राहिली. "किरिस्तांवांच्या म्हाताऱ्यांचा हगणामुतणा काढूक जातंस? घरात म्हातारा माणूस नाय काय?"

मी म्हटलं, "तुमची पाळी येतली तेव्हा हात बसलेलो आसतलो."

दुसऱ्या दिवशी सासूनं फडक्यात दोन भाकऱ्या बांधून ठेवलेल्या होत्या.

मादर बेर्ता मंगळूरकडच्या, घरची बोली कानडी. उंच, काळ्यासावळ्या, हातांना सदा साबणाचा वास. मराठी पुस्तकातून शिकलेल्या, त्यामुळे आम्हां सगळ्यांपेक्षा शुद्ध बोलायच्या. "शेवंता, त्या वृद्ध गृहस्थांना कोमट जल दे." ते वृद्ध गृहस्थ म्हणजे डाव्या पडवीतला पेद्रू, आणि तो ओरडत असायचा, "उदाक दी गो, घसो सुकलो!" पहिल्या महिन्यात मादर जे बोलत ते पेद्रूला कळत नसे आणि पेद्रू बोले ते मादरना. मी मधे उभी राहून इकडचं तिकडे करायची.

शुक्रवारची एक गंमत सांगते. शुक्रवारी त्यांच्यात मटण वर्ज्य, देवासाठी जिभेला आवर घालायचा. मासे चालतात. आता मालवणात शुक्रवारी मासे म्हणजे आवर कसला? म्हातारी मंडळी गुरुवारपासूनच आशेला लागत. कातरीन नावाची एक म्हातारी होती, दात एकही नाही, ती मला जवळ बोलावून विचारी, "फाल्या उपास ना गो? मगे इसवण बघ." फाल्या म्हणजे उद्या, इसवण म्हणजे सुरमई. मादर बेर्तांनी पहिल्या वर्षी हे पाहिलं आणि शुक्रवारी वरणभात सुरू केला. घरात असा काही शोक पसरला की विचारू नका. शेवटी पाद्री इनास मध्ये पडले. म्हणाले, "मादर, देवान समुद्र हंय ठेवलो, मंगळुराक ठेवलो, तेच्यात आमचो काय गुन्हो?" मादर हसल्या. पुढच्या शुक्रवारपासून मासे परत आले.

हे पाद्री इनास आणि डाव्या पडवीतला बस्त्यांव, ह्या दोघांची गोष्ट मला खरं म्हणजे सांगायची आहे.

पाद्री इनास बुटके, गोरे, कानांवर पांढरे केस. सगळे त्यांना पाद्रीबाब म्हणत, मीही. बस्त्यांव बोटीवर भंडारी होता, म्हणजे स्वयंपाकी. दंडावर नांगर गोंदलेला, तोंडात सदा विडी, आणि ती पेटवायला मादरांची बंदी. त्याला लहानपणी देवळात आल्तारापाशी, म्हणजे वेदीपाशी, पाद्र्याला उत्तरं द्यायला शिकवलं होतं. आता हे बाहेरच्यांना सांगायला हवं. तेव्हाची मीस, म्हणजे त्यांची रोजची पूजा म्हणा, लॅटिन भाषेत असे. पाद्री एक वाक्य म्हणणार, आणि त्याला कुणीतरी ठरलेलं उत्तर द्यायचं. उत्तर देणारा नसेल तर पाद्री मीस सुरू करत नाही, तसा नियमच. प्रत्येक पाद्र्यानं रोज आपली मीस म्हणायची, मग तो थकलेला असो की आजारी, उभं राहता येतंय तोवर. पाद्रीबाब चाळीस-पन्नास वर्षं न चुकता म्हणत आले होते. घरातले बाकीचे पाद्री अंथरुणाला खिळलेले, वाचा गेलेली, त्यामुळे लॅटिनमधली उत्तरं देणारा एकटा बस्त्यांव. अर्थ एका शब्दाचा ठाऊक नाही. मी विचारलं तर म्हणाला, "अर्थ पाद्रीबाबाक ठावक, उत्तर माका ठावक. दोघांत मिळून जाता."

माझ्या पहिल्याच आठवड्यातली फजिती. सकाळी मी पाद्र्यांच्या पडवीत पाठी पुसत होते. शेजारच्या छोट्या खोलीत त्यांचं देवघर, तिथे मीस चाललेली. आतून बस्त्यांव मोठ्यानं म्हणाला, "एत् कुम् स्पिरितू तुओ." माझ्या कानाला एकच शब्द लागला, स्पिरिट. थोड्या वेळानं पुन्हा, "स्पिरितू!" मला वाटलं, आत कुणीतरी केव्हाचं मागतंय आणि मी आपली बहिऱ्यासारखी बसलेय. बाटली उचलली आणि थेट आल्तारापाशी नेऊन धरली. मादर सगळ्या गुडघ्यांवर, कुणाला हसता येईना. बस्त्यांव मान न वळवता पुटपुटला, "ठेव थंय आणि जा गो!" मीस संपल्यावर पाद्रीबाब बाहेर आले आणि म्हणाले, "काय गो शेवंते, देवाची पाठ चोळूक इलेलंस?" पुढे कितीतरी दिवस देवघरात कुणाला खोकला आला तरी पेद्रू ओरडे, "शेवंते, स्पिरिट!"

मग पाद्रीबाब विसरू लागले. आधी चष्मा, मग जेवलेलं जेवण. तोवर ठीक होतं, आमच्या घरात ते नवं नव्हतं. पण मग मीस म्हणताना ते मध्येच पहिल्यापासून सुरू करू लागले. बस्त्यांव तक्रार न करता पहिल्यापासून उत्तरं देई. पुन्हा मागे गेले की पुन्हा. उन्हं अंगणात येत, पेज निवून जाई, मादर गुडघ्यांवर तशाच. आणि एके दिवशी पेला त्यांच्या हातून कलंडला. तुम्हाआम्हाला वाटेल, द्राक्षाचा रस सांडला, पुसून टाकावा. पण त्यांच्या श्रद्धेप्रमाणे मंत्र म्हटल्यावर तो रस राहत नाही, ते प्रत्यक्ष येशूचं रक्त होतं. मादर बेर्तांनी ते कापड तीन पाण्यांत धुतलं आणि ते पाणी कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी मातीत जिरवलं. त्या रडत होत्या, आणि हाताचं काम थांबलं नव्हतं.

गावातल्या मोठ्या देवळाच्या विगारबाबांच्या, म्हणजे तिथल्या मुख्य पाद्र्यांच्या, कानावर हे गेलं, तिथून बिशपांपर्यंत गेलं, आणि हुकूम आला. पाद्री इनास ह्यांनी यापुढे मीस म्हणायची नाही. विगारबाब स्वतः सांगायला आले. तरुण माणूस, पाद्रीबाबांच्या हाताखाली शिकलेला. पाद्रीबाबांनी त्यांचा हात हातात घेतला, म्हणाले, "बरा केलंस इलंस ता. फाल्या माझी मीस झाली की बसान बोलूया." विगारबाब उठले, मादरना बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्हीच सांगा," आणि निघून गेले.

मादरनी सांगितलं. खोटं बोलणं त्यांना जमत नव्हतं, सरळ सांगितलं. पाद्रीबाबांनी ऐकून घेतलं. मग लहान पोरासारखे रडू लागले. "मी काय पाप केलंय, मादर? कोणाक दुखयलंय?" दिवसभर जेवले नाहीत.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं विसरून, हातपाय धुऊन, झगा घालून देवघराच्या दारात हजर. "बस्त्यांव खंय आसा? उशीर झालो."

म्हणजे पुन्हा सांगायचं. पुन्हा ते नव्यानंच ऐकणार, पुन्हा तेच विचारणार, कोणाक दुखयलंय. तिसऱ्या दिवशीही तेच. विसरणाऱ्या माणसाला वाईट बातमी एकदा सांगून भागत नाही, ती त्याला दर वेळी पहिल्यांदाच लागते. असं किती दिवस चालवायचं? त्यांची हाडं दिसू लागली होती.

चार मादरांतल्या सगळ्यांत धाकट्या, ज्यांना आम्ही सिस्टर लुसी म्हणत असू, त्या म्हणाल्या, "मादर, पेल्यात साधं रंगाचं पाणी देऊ. त्यांना वाटेल मीस झाली. कुणाचं काय बिघडतं?"

मादर बेर्ता कधी आवाज चढवत नसत. तेव्हा चढला. "देवासमोर बाहुलाबाहुलीचा खेळ मांडू? आणि त्या माणसाला त्यात बाहुला करू? नाही."

हे बोलणं पडवीत चाललं होतं आणि बस्त्यांव खांबाला टेकून सुपारी कातरत होता. त्यानं सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी पाद्रीबाब दारात आले तर बस्त्यांव खाटेवरच. चादर गळ्यापर्यंत ओढलेली.

"पाद्रीबाब, ढोपर धरला. उभो रवाक जायना."

पाद्रीबाब असे तापले की पेद्रूनं सुद्धा मान खाली घातली. "आळशी! बोटीर असोच निजी होतंस? देव वाट बघता आणि तू ढोपर घेवन बसलंस!"

"काय करू? फाल्या बघूया."

उत्तर देऊ शकेल असा दुसरा पुरुष घरात नव्हता, आणि बाईमाणसाच्या उत्तरावर मीस म्हणणं पाद्रीबाबांना पटणारं नव्हतं. नियम त्यांचाच, त्यांनी तो पाळला. देवघरात जपमाळ घेऊन धुसफुसत बसले, आणि पेज वाढल्यावर भांडं पुसून जेवले. तेव्हा मला कळलं, रागावलेला माणूस जेवतो, रडलेला जेवत नाही.

त्या दिवसापासून रोज सकाळी हेच. पाद्रीबाब यायचे, ढोपराची चौकशी करायचे, शिव्या द्यायचे आणि जायचे. त्यांच्या लेखी मीस बंद केली कुणी? बिशपांनी नाही, देवानं नाही, त्या आळशी बस्त्यांवनं. पाद्रीबाबांच्या पाठीमागे बस्त्यांव उठायचा, आडावर अंघोळ करायचा, पत्ते कुटायचा. मादर बेर्तांना सगळं कळत होतं. त्यांनी एकदाच विचारलं, "बस्त्यांव, गुडघा खरोखर दुखतो का?"

"मादर, म्हाताऱ्याक सगळाच दुखता. खंयचा सांगूचा आणि खंयचा नाय, ता माझ्यार."

शनिवारी विगारबाब कुमसारासाठी येत. कुमसार म्हणजे पाद्र्याच्या कानात आपल्या पापांची कबुली. बस्त्यांव तिथून आला तो तोंड पाडून. मी काही विचारलं नव्हतं, त्यानंच सांगितलं. "इगार माका म्हणता, फाल्याय हीच लबाडी करूची आसा तर आज माफी मागूक इलंस कित्याक?"

"मग तुम्ही काय म्हटलंत, मामा?"

"काय म्हणतलंय? तेचा खरा आसा."

रविवार गेला, सोमवार गेला. बस्त्यांव खाटेवरून उठेना. पेज खाटेवर, अंघोळ खाटेवर. पत्त्यांसाठी पेद्रूला तिकडे बोलवायचा. मी म्हटलं, मामा, पाद्रीबाब आत आहेत, उठा, दोन फेऱ्या मारा. तर भिंतीकडे तोंड. आमच्या कामात पहिला धडा हाच, म्हाताऱ्या माणसाला खाटेला खिळू द्यायचं नाही. सांधा वापरला नाही तर खाऱ्या वाऱ्यात मिटून ठेवलेल्या दाराच्या बिजागरीसारखा धरतो, मग तेल घाला नाहीतर जोर करा. मी तेल घेऊन बसायची, पाय मोडून-सोडून बघायची. तो पाय ताठ धरायचा. सत्तरीतला माणूस, पण माझ्या दोन हातांना हलत नव्हता.

"मामा, असे पडून राहिलात तर खरंच धरेल हो ढोपर!"

"मगे?" तो म्हणाला. "धरूक होया."

म्हणजे त्याला ते धरायलाच हवं होतं. मी धावत मादरना घेऊन आले. मादर त्याच्या खाटेवर टेकल्या. तसं त्या कधी बसत नसत.

"बस्त्यांव, मी कोणाला पांगळं व्हायला सांगितलं नव्हतं."

"तुमी खोट्या मिसेक नाय म्हटलात," बस्त्यांव म्हणाला. "ता बरोबर. मगे ह्याय खोटा चलाचा नाय. दोन-तीन म्हयन्यांत खरा जातला. मगे इगाराकय काय सांगूक नको."

"आणि पाद्रीबाब उद्या गेले तर? तू असाच राहशील."

"माका खंय जावचा आसा? बोट थोडीच धरूची आसा."

मादर बेर्तांनी मला डोळ्यांनी खुणावलं आणि आम्ही दोघी रोज त्याच्याशी भांडत राहिलो. पोटऱ्या चोळल्या, उशा लावल्या, शिव्या दिल्या. पाठीला जखम होऊ दिली नाही, एवढं एक आमच्या हातात होतं. पण ढोपर आम्ही हरलो. पाऊस सरेपर्यंत ते अर्धवट मोडलेल्या जागी धरलं ते धरलंच. पुष्कळ माणसं माझ्या हातांखालून गेली, बरीवाईट. आपणहून अधू झालेला हा एकच. त्याला थांबवायला हवं होतं की नको, हे मला अजून ठरवता येत नाही. मादर बेर्ता तर वर्षानुवर्षं तो विषय काढला की खिडकीबाहेर बघायच्या.

पाद्रीबाब हळूहळू मीसच विसरले. झगा घालायचं विसरले, देवघर कुठे तेही. पण सकाळी बस्त्यांवच्या खाटेपाशी येणं विसरले नाहीत. राग गळून गेला होता. केळं सोलून अर्धं त्याला द्यायचे, अर्धं स्वतः खायचे.

"काय रे, ढोपर?"

"तसाच, पाद्रीबाब."

"आज येतलंस?"

"आज नाय. फाल्या बघूया."

कुठे यायचं, हे त्यांना आता सांगता आलं नसतं. बस्त्यांवला मात्र ठाऊक होतं.

दोनेक वर्षं अशी गेली. एका सकाळी केळं खाऊन पाद्रीबाब खुर्चीत बसले आणि बसल्या जागी गेले. मी आणि सिस्टर लुसींनी त्यांना अंघोळ घातली. अंगावर एकही जखम नव्हती, हे मी मुद्दाम लिहिते.

बस्त्यांव म्हणाला, मला देवळात न्या. मादर म्हणाल्या, त्या रस्त्यानं गाडीत तुला सोसणार नाही. "मगे उखलून न्या." शेवटी माझे यजमान आणि दोघे दीर आले. खुर्चीला दोन वासे बांधले आणि होडी वर ओढताना करतात तसा आवाज देत त्याला उचलून चढणीखाली नेलं. वाटेत आमच्या घराच्या दारात सासू उभी राहून बघत होती. ओरडली, "हळू रे, तेचो पाय संभाळा!"

मी देवळात मागे, बस्त्यांवच्या खुर्चीपाशी उभी राहिले. त्यांच्यात साध्या माणसाची पेटी ठेवतात ती पाय आल्ताराकडे करून. पाद्र्याची उलटी, डोकं आल्ताराकडे. जिवंतपणी लोकांकडे तोंड करून आशीर्वाद देत होता, मेल्यावरही तसाच. त्यामुळे पाद्रीबाबांचं तोंड बस्त्यांवच्या खुर्चीकडे होतं.

तेव्हा नुकतीच मीस लॅटिनमधून मराठीत आली होती. सगळ्या जगातल्या देवळांत तसा बदल झाला होता म्हणे. आता उत्तर द्यायला एक माणूस लागत नसे, सगळं देऊळ मिळून उत्तर देई. विगारबाब मराठीत म्हणाले, प्रभू तुमच्याबरोबर असो, आणि लोकांनी मराठीत उत्तर दिलं. त्यांचा आवाज विरतो न विरतो तोच माझ्या शेजारच्या खुर्चीतून एकट्याचा घोगरा आवाज आला.

"एत् कुम् स्पिरितू तुओ."

लोकांनी माना वळवल्या. पुढच्या बाकावरची एक बाई "श्शू" म्हणाली. विगारबाबांनी हात जरासा वर केला, तिला गप्प केलं. मग पुढचं वाक्य म्हटलं, लोकांचं उत्तर झालं, आणि विगारबाब थांबले. बस्त्यांवनं लॅटिनमध्ये उत्तर दिलं, तेव्हाच ते पुढे गेले. शेवटपर्यंत तसंच. मधे एकदा बस्त्यांवला धाप लागली. सगळं देऊळ थांबलं.

परत येताना चढणीवर खुर्ची टेकवली तेव्हा मी त्याला पाणी दिलं. म्हटलं, "मामा, आता सगळे लोक मराठीत म्हणतात. तुम्ही एकटे कशाला छाती फोडून घेत होतात?"

"लोकांनी इगाराक उत्तर दिल्यानी," तो म्हणाला. "पाद्रीबाबाक कोण देतलो? तेका ही नवी मीस येय नाय."

पाणी प्यायला, तोंड पुसलं.

"रोज इचारी होतो, बस्त्यांव, आज येतलंस? रोज नाय म्हटलंय. आज इलंय."